महाबळेश्वरला जाताय? पॉइंट मोजू नका, रोज एक दिशा धरा: तळं, देवळं आणि किल्ले यांचा सविस्तर प्लॅन

महाबळेश्वरला जाऊन आलेल्या दहा जणांना विचारा काय काय बघितलं, आठ जण सांगतील वेण्णा लेक, सनसेट, मॅप्रो, मार्केट आणि स्ट्रॉबेरी क्रीम. वाईट काहीच नाही त्यात, पण ज्या डोंगरावर कृष्णा उगम पावते आणि ज्याच्या पायथ्याशी प्रतापगडाचं युद्ध झालं तिथून एवढंच बघून परत यायचं हे मला खरंच जिवाला लागतं. म्हणून हा लेख. ज्यांना तळ्याकाठी राहायचंय, निवांतही व्हायचंय, पण क्षेत्र महाबळेश्वरची देवळं, प्रतापगड, वाईचे घाट हेही नीट बघायचंय त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग सगळा प्लॅन आपोआप सुटतो. महाबळेश्वर म्हणजे एक उंच पठार, समुद्रसपाटीपासून साधारण १३७२ मीटर, आणि इथून प्रत्येक दिशेला रस्ता खालीच उतरतो. पश्चिमेला आंबेनळी घाटाने प्रतापगड आणि पुढे पोलादपूर, उत्तरेला क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थर सीट, दक्षिणेला तापोळा, पूर्वेला पाचगणी आणि पसरणी घाटाने वाई. एका दिवसात दोन दिशा पकडल्या की दिवसभर घाटात गाडी वरखाली करत बसता, पोरांना उलट्या होतात आणि संध्याकाळी काहीच बघितल्यासारखं वाटत नाही. रोज एक दिशा, बस.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. हवा स्वच्छ असते, किल्ले लांबून ओळखू येतात, डिसेंबरपासून स्ट्रॉबेरी सुरू होते ती मार्चपर्यंत चांगली मिळते. थंडी मात्र हलक्यात घेऊ नका, कडाक्याची थंडी पडली की वेण्णा लेकच्या जेटीवर आणि गाड्यांच्या टपावर पहाटे हिमकण दिसतात, गावात तेवढं गार नसतं पण तळ्याच्या आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात पारा आणखी खाली जातो. तळ्याला लागून रूम घेणार असाल तर स्वेटर, कानटोपी, मोजे सगळं घ्या.

एप्रिल-मेमध्ये गर्दी आणि रेट दोन्ही चढलेले असतात, पण शाळेच्या सुट्ट्या तेव्हाच म्हटल्यावर इलाज नाही. जून ते सप्टेंबर हा वेगळाच प्रकार आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच, धुकं असं की समोरचं देऊळ दिसत नाही. धबधबे बघायचे, पंचगंगेचं पाणी जोरात पडताना बघायचं तर पावसाळ्यात जरूर या, पण पॉइंटवरून दरी दिसेल ही अपेक्षा घरी ठेवून या, आणि घाटाची बातमी रोज बघा. २०२१च्या जुलैत आंबेनळी घाटात रस्ताच वाहून गेला होता. जोराचा पाऊस असेल तर प्रतापगडचा दिवस सरळ रद्द करायचा, तिथे हट्ट चालत नाही.

लाँग वीकेंड आणि ख्रिसमस ते न्यू इयर शक्यतो टाळा. नाहीच टाळता आलं तर किमान निघण्याची वेळ तरी बदला.

पोचायचं कसं

पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. सातारा हायवेने खंबाटकी घाट उतरायचा, सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. स्वारगेटहून एसटी आहेत. मुंबईकरांना दोन रस्ते, एक पुणे मार्गे आणि दुसरा गोवा हायवेने पोलादपूरला येऊन आंबेनळी घाट चढायचा. दुसरा रस्ता सुंदर आहे, पण घाटात सवय नसलेल्याने रात्री चालवू नये, वळणं अवघड आणि धुकं कधीही येतं.

गर्दीच्या दिवशी पसरणी घाट ते वेण्णा लेक गाड्या अक्षरशः मुंगीसारख्या सरकतात, अशा वेळी सरळ साताऱ्याला जाऊन मेढा-केळघर घाटाने वर या. अंतर वाढतं पण गाडी चालत राहते. नाक्यावर प्रवासी कर घेतात, सुट्टे पैसे हाताशी ठेवा. पेट्रोल वर आल्यावर टाकी फुल करा आणि थोडी कॅश ठेवा, कारण पार गाव, तापोळा या बाजूला नेटवर्क गेलं की यूपीआय पण जातं.

स्वतःची गाडी नसेल तरी अडत नाही. स्टँडजवळ टॅक्सीवाले असतात, त्यांचे ठरलेले रेट असतात, ते आधी विचारा आणि "कुठले पॉइंट, किती तास थांबणार" हे गाडीत बसायच्या आत बोलून घ्या. सीझनमध्ये एसटीच्या दर्शन बसपण निघतात, चौकशी खिडकीवर आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. एकट्या माणसाला किंवा आजी-आजोबांना घेऊन कमी खर्चात फिरायचं तर त्या बऱ्या.

राहायला कुठे? मार्केटमध्ये राहिलात तर संध्याकाळी पायी फिरता येतं, तळ्याकडे राहिलात तर सकाळ सुंदर मिळते पण संध्याकाळी त्या रस्त्यावरचं ट्रॅफिक भोगावं लागतं. सकाळी लवकर उठणारे असाल तर तळं, नाहीतर मार्केट. क्षेत्र महाबळेश्वरच्या वाटेवर घरगुती राहायची सोय असते, स्वस्त आणि शांत, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या दर्शनाला एकदम सोयीची.

पहिला दिवस: पोचा, तळ्यावर जा, जास्त काही करू नका

वेण्णा लेक साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतला, गावाला पाणी मिळावं म्हणून. हे नैसर्गिक तळं नाही, वेण्णा नदीचं पाणी अडवून केलेलं आहे. हेच पाणी पुढे लिंगमळ्याला कड्यावरून उडी घेतं आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला भेटतं. बोटीत बसल्यावर पोरांना हे सांगा, पुढच्या दिवसात ती नदी त्यांना परत भेटणार आहे.

बोटिंग सकाळी करा. संध्याकाळी पाच-सहानंतर तिकिटाला रांग, घोडेवाले, भजी, कणीस, मक्याचे पॅटीस, सगळी जत्रा एकाच ठिकाणी. वल्ह्याची बोट घेतलीत तर बोटवाले काका चालवतात आणि गप्पाही मिळतात, पॅडलची बोट तरुण मंडळींना बरी. संध्याकाळी मात्र बॉम्बे पॉइंट गाठा, सूर्यास्ताच्या तासभर आधी. गर्दी असते, पण इथून पश्चिमेचा सगळा जावळीचा मुलूख समोर येतो, प्रतापगड आणि घोड्याच्या खोगिरासारखा दिसणारा मधु-मकरंदगड ओळखता येतो. याच पॉइंटच्या खालून रडतोंडी घाटाची जुनी वाट पार गावाकडे उतरते. अफझलखान वाईहून फौज घेऊन याच वाटेने जावळीत उतरला. तो उतार नुसता वरून बघितला तरी कळतं की इथे हत्ती, घोडे, तोफा घेऊन उतरणाऱ्या फौजेचं काय झालं असेल, आणि महाराजांनी खानाला इथेच का बोलावलं. प्रतापगडला जायच्या आधी हे बघणं म्हणूनच महत्त्वाचं.

दुसरा दिवस: उत्तर दिशा, क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थर सीट

मार्केटपासून क्षेत्र महाबळेश्वर (लोक जुनं महाबळेश्वर म्हणतात) साधारण ६ किलोमीटर. सकाळी सात-साडेसातला देवळात असा. दहानंतर टुरिस्ट गाड्या येतात आणि मग नुसती ढकलाढकली. पायात मोजे घाला, दगडी फरशी हिवाळ्यात बर्फासारखी गार असते. प्रसादाची पिशवी उघडी धरू नका, माकडं टपून असतात.

तीन देवळं आहेत, आणि माझं ठाम मत आहे की तिन्ही बघायचीच. लोक दोन बघून परत फिरतात.

पहिलं महाबळेश्वराचं. गाभाऱ्यात नेहमीसारखी गुळगुळीत पिंड नाही, खडबडीत, रुद्राक्षासारखा स्वयंभू खडक आहे आणि त्यातल्या खळग्यांत पाणी असतं. महाबळी आणि अतिबळी या दोन दैत्य भावांची कथा पुजारी सांगतात, शेजारी अतिबळेश्वराचं देऊळही त्याच कथेतलं. ६ जानेवारी १६६५ला सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी जिजाऊ आईसाहेबांची आणि आपले जुने मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला इथे महाबळेश्वरीच केली. अफझलखानाच्या शामियान्याचा सोन्याचा कळस महाराजांनी या देवाला वाहिला असंही सांगतात. गाभाऱ्यात मोबाईल काढू नका, गुरुजींना आवडत नाही आणि आपल्यालाही शोभत नाही.

दुसरं पंचगंगा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे झरे इथे आत ओवरीत येतात आणि एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतात. मूळ देऊळ यादव राजा सिंघणाने तेराव्या शतकात बांधलं असं मानतात. पुजारी आणखी दोन धारा दाखवतात, भागीरथी बारा वर्षांनी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी. इथे पटकन हात जोडून बाहेर पडू नका. एकेका धारेपुढे उभं राहा, नाव वाचा आणि ती नदी पुढे कुठे जाते ते आठवा. कृष्णा वाई, सांगली करत थेट बंगालच्या उपसागराला, कोयना धरणात अडून मग कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत, वेण्णा माहुलीला, आणि सावित्री मात्र उलटी फिरून कोकणात उतरते, महाडवरून बाणकोटच्या खाडीत. माझे सासरे वारकरी, त्यांनी इथे ओंजळ भरून पाणी घेतलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. आमच्या शेताला जे कृष्णेचं पाणी येतं ते इथून निघतं हे डोळ्यांनी बघणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच कळेल.

तिसरं कृष्णाबाईचं. पंचगंगेच्या मागून पाच-दहा मिनिटांची पायवाट, पाटी छोटी आहे, कुणालाही विचारा. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, खांब आणि छतावरचं कोरीव काम, दगडावर शेवाळाचा हिरवा थर, पुढे कुंड आणि समोर उघडी कृष्णेची दरी. गर्दी जवळजवळ नसतेच. दगड निसरडे असतात, म्हाताऱ्या माणसांना हात धरून न्या, पण न्याच.

तिथून बाहेर पडून नाश्ता करा आणि आर्थर सीटकडे निघा. रस्ता अरुंद आणि जंगलातून, मार्केटपासून धरलं तर साधारण १२-१३ किलोमीटर. पार्किंगपासून पायी वाट आहे, वाटेत वाघाचं पाणी लागतं, मग विंडो पॉइंट, मग टोक. एका बाजूला सावित्रीचं खोल खोरं म्हणजे कोकण आणि दुसरीकडे देश, मधला कडा सरळ तासलेला. वाऱ्यामुळे हलकी वस्तू परत वर येते म्हणून लोक बाटल्यांची झाकणं, कागद फेकतात, कृपा करून तसलं काही करू नका, त्यातलं अर्धं खाली जंगलातच राहतं. रेलिंगच्या पलीकडे फोटोसाठी जाणं तर सोडाच.

परतताना वेळ उरला तर केट्स पॉइंट. पाचगणी रस्त्याच्या बाजूला आहे, म्हणजे दिशा थोडी मोडते पण अंतर कमी. इथून खाली कृष्णेच्या खोऱ्यातलं धरणाचं पाणी आणि पलीकडे कमळगड दिसतो.

तिसरा दिवस: पश्चिम दिशा, प्रतापगड

सकाळी सातला निघा. २०-२४ किलोमीटर आहे पण घाट आहे, तासभर धरा. आंबेनळी घाट उतरून वाडा कुंभरोशी गाव, तिथून डावीकडे गडाचा रस्ता चढतो आणि गाडी पार पायथ्यापर्यंत जाते. पुढे साधारण ४५०-५०० पायऱ्या. सलग नाहीत, टप्प्याटप्प्याने आहेत, गुडघेदुखी असणारे भवानीमातेच्या देवळापर्यंत सावकाश येऊ शकतात आणि तिथे बसू शकतात, बाकीचे बालेकिल्ला करून येतात.

गाइड घ्या. खरंच घ्या. महाराजांनी १६५६मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधून घेतला, तो का, हे नुसत्या भिंती बघून कळत नाही. पारघाटाने कोकणात जाणारी जुनी व्यापारी वाट या गडाच्या नजरेखाली येते, हा मुद्दा. नीट गाइड मिळाला तर तो तुम्हाला महादरवाजा दाखवून विचारेल की खालून येताना हा दिसला का, आणि तो दिसलेला नसतो, बुरुजाच्या आड वळवून बसवलाय.

चढताना क्रम असा ठेवा. महादरवाजातून आत, मग आधी खालच्या माचीवर टोकापर्यंत जा, बहुतेक लोक हा भाग सोडून सरळ देवळाकडे पळतात. टोकाच्या बुरुजाला एकामागे एक दोन तट आहेत, याला चिलखती बांधणी म्हणतात, बाहेरचा तट पडला तरी आतला उभा. दोन तटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उतरून दगडांना हात लावून बघा, सांधे किती घट्ट बसवलेत ते. त्या सपाटीवरून खाली १० नोव्हेंबर १६५९च्या भेटीची जागा, जनीचा टेंब, कुठल्या बाजूला ते गाइडला दाखवायला सांगा. खानाच्या कबरीच्या भागात बंदोबस्त असतो, तिकडे जायचा हट्ट नको.

मग भवानीमाता. तुळजापूरला वारंवार जाणं शक्य नव्हतं म्हणून महाराजांनी १६६१मध्ये इथे देवीची स्थापना केली, मूर्तीचा दगड नेपाळातल्या गंडकी नदीतला असं सांगतात. काळी, तेजस्वी मूर्ती आहे. मंदिरात स्फटिकाचं शिवलिंग आणि सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची म्हणून तलवार ठेवलेली आहे, दर्शन घेऊन घाईने मागे फिरलात तर राहून जाते. नवरात्रात मोठा उत्सव असतो, तेव्हा दर्शन छान पण पार्किंग मिळणं मुश्कील.

त्याच्या वर बालेकिल्ला, केदारेश्वर महादेव, आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ज्याचं अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ला पंडित नेहरूंनी केलं. कडेलोटाची जागा, ध्वज बुरुज हे करून सावकाश उतरा. वरच्या वस्तीतल्या घरगुती हॉटेलांत पिठलं-भाकरी, ठेचा, ताक मिळतं, चढतानाच ऑर्डर सांगून ठेवायची म्हणजे उतरेपर्यंत भाकऱ्या गरम तयार असतात. पैसे गडावरच्या माणसांकडे जातात, हे मला जास्त आवडतं.

उतरल्यावर लगेच महाबळेश्वरला परत फिरू नका, पार गाव करा. जवळच आहे. रामवरदायिनी देवीचं देऊळ प्रशस्त आणि शांत, आणि कोयनेवर शिवकालीन दगडी पूल अजून उभा. पुलाच्या खाली उतरून कमानी बघा. काल पंचगंगेत बोटभर धार होती तीच ही कोयना.

ट्रेकची सवय असेल आणि एक दिवस जास्तीचा असेल तर याच बाजूला मधु-मकरंदगड. चतुर्बेटवरून घोणसपूरला जायचं, तिथे मल्लिकार्जुनाचं देखणं जुनं देऊळ, आणि वर गडावर मल्लेश्वर. गावातला वाटाड्या घ्या, जंगल दाट आहे.

चौथा दिवस: तापोळा किंवा वाई, दोन्ही नाही

तापोळा दक्षिणेला, साधारण २५-२८ किलोमीटर वळणावळणाचा रस्ता. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेला. बोटीने त्रिवेणी संगमावरच्या दत्तमंदिरात जाता येतं, कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्या एकत्र होतात ती जागा. फेब्रुवारीपर्यंत या, मेमध्ये पाणी खूप मागे जातं आणि काठाला चिखल असतो.

वासोटा करायचा असेल तर तो तापोळ्याच्या ट्रिपमध्ये जाता जाता होत नाही, पूर्ण दिवस लागतो. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, वनखात्याची परवानगी, ओळखपत्र आणि बोट हे तिन्ही लागतं, पावसाळ्यात बंद. बहुतेक लोक साताऱ्याहून बामणोलीला येऊन तिथून बोट धरतात, तीच सोय जास्त. गडावर मुक्काम नाही, संध्याकाळपर्यंत बोटीवर परत. दम असेल तर नागेश्वरच्या गुहेतलं शिवलिंग करा, छतातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत असतं, मात्र त्यासाठी पहिल्या बोटीलाच निघावं लागतं. प्लॅस्टिक आत नेऊ नका, नेलं तर मोजून परत आणा.

घरी पुण्याकडे परतणार असाल तर मी वाई सुचवेन, कारण ती वाटेवरच आहे. नाश्ता करून चेकआउट, पाचगणी ओलांडून पसरणी घाट उतरला की ३०-३२ किलोमीटरवर वाई. गणपती घाटावर ढोल्या गणपती, १७६२मध्ये पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेला. दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला जा, भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी दोन्हीकडे कापलं जावं म्हणून. शेजारी काशीविश्वेश्वर. मग ३ किलोमीटरवर मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि तिथे टांगलेली ती मोठी घंटा जी १७३९च्या पोर्तुगीजांवरच्या वसईच्या विजयानंतर आली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत, जवळ जाऊन बघा.

पुढे धोम, धरणाच्या पायथ्याचं गाव. महादेवाच्या देवळापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलाय आणि भोवती कमळाच्या पाकळ्यांसारखं कुंड. कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय असंच वाटतं. शेजारी नृसिंहाचं देऊळ. याच बाजूने कमळगडाची वाट लागते, वर गोरक्षनाथाचं ठाणं आणि गडावर ती प्रसिद्ध कावेची विहीर, पन्नासेक पायऱ्या उतरून आत गेलं की भिंती लाल गेरूच्या आणि हवा एकदम गार. मात्र चढाई चांगली तीन तासांची आहे, ती परतीच्या दिवशी कोंबू नका.

खरेदी शेवटच्या दिवशी करा, आधी नको. स्ट्रॉबेरी शेतावरून घ्या, डब्याच्या वरच्या थरावर जाऊ नका, खालचा थर उघडून बघा, आणि खायच्या आधीच धुवा, धुऊन ठेवलेली पुण्यापर्यंत पाणी सोडते. मध घ्यायचा असेल तर जांभूळ किंवा हिरड्याचा विचारा, जवळच मांघर हे मधाचं गाव म्हणून २०२२मध्ये जाहीर झालंय, तिथे पेट्या दाखवतात, मुलांना फार आवडतं. वाचनाची आवड असेल तर पाचगणीजवळ भिलार, पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं ठेवलेली, फुकट बसून वाचता येतात. पण तिथे गेलात तर वाईसाठी पुरेसा वेळ उरणार नाही, त्यामुळे त्या दिवशी धोम सोडा आणि ढोल्या गणपती व मेणवली एवढंच करून दुपारी चारच्या आत सुरूर फाटा गाठा, खंबाटकी बोगद्यापाशी रविवारी संध्याकाळी त्यानंतर गाड्या तुंबतात.